हलता फोटो

शेषरावानं कम्प्युटरवर फोटो मोठा करायला घेतला आणि रेणूचं तोंड चौकोनाचौकोनांत फुटलं. गालाचे चौकोन, नाकाचे चौकोन, डोळ्यांच्या जागी तर नुसते सात-आठ ठिपके. त्यानं परत लहान केला. काडेपेटीएवढा झाला तेव्हा कुठे पोरगी दिसायला लागली, आणि दिसली तशी तिनं पापणी लववली.

उद्या तिची तेरवी होती. डोणगावच्या बसस्टँडसमोर शेषरावाचा स्टुडिओ, अर्ध्या तालुक्याची लग्नं त्याच्या कम्प्युटरात पडलेली, आणि त्याच्या स्वतःच्या अकरा वर्षांच्या लेकीचा हार घालायला धड एक फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जावळाचा एक होता, त्यात ती रडून रडून वाकडी झालेली. बाकीचे रोज काढले आणि रोज पुसले. गिऱ्हाईक आलं की उजेड नीट पडतो का ते बघायला शेषराव आधी रेणूला स्टुलावर बसवायचा. ती शाळेतून आली की दप्तरासकट बसायची. एक फोटो निघायचा, लाईट इकडचा तिकडे व्हायचा, की रेणू उठायची आणि तिच्या जागी नवरा-नवरी नाहीतर बारशाचं बाळ यायचं. कॅमेऱ्याच्या कार्डात जागा थोडी, त्यामुळे संध्याकाळी तिचे फोटो आधी उडायचे. घरचंच लेकरू, कधीही काढता येईल, असा त्याचा हिशेब.

हा एक उरला तो गेल्या दिवाळीतल्या खेळापायी. फोटो हलवायची विद्या शेषराव नवीनच शिकला होता. एका चित्रात डोळे उघडे, दुसऱ्यात मिटलेले, दोन्ही एकाआड एक दाखवायची, की झालं, फोटोतलं माणूस पापणी लववतं. काउंटरवर लोकांना दाखवायला म्हणून त्यानं रेणूचा घेतला. असली फाईल फार जड होते, म्हणून फोटो बारका केला, रंग कमी केले, आणि जागा व्हावी म्हणून मूळचा मोठा पुसून टाकला. मिटलेल्या पापण्या त्यानं स्वतः माउसनं रंगवल्या. रेणू शेजारी बसून बघत होती. पापणीचे केस लांब काढजा बाबा, एवढंच तिचं सांगणं होतं. त्यानं काढले.

त्याच्या आईनं, सोजराबाईनं, तेव्हाच तोंड फिरवलं होतं. शेषरावाचं नाव होतं ते मेलेल्यांचे डोळे उघडण्यासाठी. जन्मभर एक फोटो न काढलेलं म्हातारं माणूस गेलं की पोरं तिरडीवरचा फोटो घेऊन त्याच्याकडं यायची. पार उंद्रीपासून यायची. शेषराव त्या फोटोला डोळे बसवायचा, डोक्यावर फेटा चढवायचा, आणि म्हातारा ओसरीवर बसल्यासारखा घरी जायचा.

"मेलेल्याचे उघडतं ते ठीक हाये," म्हातारी म्हणाली होती. "जित्या लेकराचे मिटू नाही, बाप्पा."

शेषराव हसला होता. पोळ्याच्या आठवड्यात रेणूला ताप आला, डोक्यात चढला, आणि चौथ्या दिवशी बुलढाण्याच्या दवाखान्यात ती गेली. तापाचं आणि चित्राचं काही नातं नाही, हे शेषरावाला कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

मागून चप्पल वाजली. मंजुळाबाई, त्याची बायको, आत आली आणि रेणूच्या स्टुलावर बसली. पोरगी डोळे उघडत होती, मिटत होती. मंजुळाबाई किती तरी वेळ बघत राहिली. म्हातारीचं बोलणं तिनंही त्या दिवशी ऐकलं होतं, पण या बारा दिवसांत तिनं त्याचा शब्द काढला नव्हता.

"थे मिटलेले डोये काढून टाका," ती म्हणाली.

शेषरावानं माउस ओढला. दोनातलं दुसरं चित्र निवडलं, पुसलं, फाईल पक्की केली. त्याच्या हातानं रंगवलेल्या पापण्या लांब केसांसकट गेल्या. उरावरचा दगड उतरला असं त्याला वाटलं. मग तो भडाभडा बोलायला लागला. दहाला लाईट जाते, त्याच्या आत प्रिंट काढू, आहे एवढाच काढू, मोठ्या फ्रेममध्ये मधोमध चिकटवू, हार बारीक आणू. मंजुळाबाईचं लक्ष नव्हतं.

रेणू बघत होती. सरळ, एकटक. बोलता बोलता शेषरावही तिच्याकडं बघायला लागला. पापणी लवायची वेळ आली आणि गेली. दोघंही नकळत वाट बघत होते. पुन्हा आली, पुन्हा गेली. इतकी सवय झाली होती त्यांना.

मंजुळाबाईनं पदर तोंडाला लावला. तिचा आवाज पदराआडून आला.

"कवापासून पाहून राह्यली थे. डोये दुखत असतीन तिचे. मिटवा ना हो."

मिटलेलं चित्र आता कुठेच नव्हतं. शेषरावानं त्या काडेपेटीएवढ्या तोंडावर अंगठा ठेवला, कपाळाकडून हळूच खाली आणला, आणि दुसऱ्या हातानं कम्प्युटरचा पडदा बंद केला.