आठवा दिवस

चर्चमागच्या खोलीत गिरजाचा तो आठवा दिवस होता. नवऱ्याचा मार सोसेना म्हणून लेकीला घेऊन ती इथं आली होती. इथल्या बायांनी अंथरूण दिलं, दोन वेळचं जेवण दिलं, तरी गिरजाची धाकधूक जाईना. फुकट कोण कुणाला सांभाळतं? आज ना उद्या बाटवतील, असं तिला वाटे.

रविवारची उपासना संपल्यावर तिनं खिडकीतून पाहिलं, तर तिचा नवरा पाळकांसोबत चहा पीत बसलेला. यांनीच बोलावलं असणार! तिनं घाईनं गाठोडं बांधलं.

तेवढ्यात पाळकांच्या बायकोनं, मार्थाबाईंनी, हाक मारली. गिरजा लेकीला घट्ट धरून बाहेर आली. नवरा उठला. "चल."

पाळकांनी त्याला थांबवलं. "गिरजाबाई, तुम्हांला जायचंय का?"

बापानं, भावानं, पंचांनी तिला परत जायला सांगितलं होतं. विचारलं कुणीच नव्हतं. यातही डाव असेल, म्हणून ती सगळ्यांची तोंडं न्याहाळत राहिली.

"नाही," ती कशीबशी म्हणाली.

आता समजूत घालतील, म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली. पण मार्थाबाई फाटक उघडून तिच्या नवऱ्याला म्हणाल्या, "या तुम्ही आता."