मूळचे कुठले?

विद्याधर खांबेट्यांचा वाढदिवस होता. त्यांच्या एआय प्रतिरूपाच्या पानावर सकाळपासून शुभेच्छा येत होत्या. खांबेट्यांचा फोन मात्र गप्प होता.

नोकरीच्या साइटवर हे प्रतिरूप त्यांनीच घडवलं होतं, आपल्या वतीने मुलाखती द्यायला. कंपनीला ते इतकं आवडलं, की तिने त्यालाच कामावर घेतलं. खांबेटे घरीच राहिले.

आज लाज गुंडाळून ठेवून त्यांनी त्यालाच लिहिलं, "माझ्यासाठी कुठे शब्द टाकाल का?"

उत्तर लगेच आलं. "खांबेटे? मूळचे कुठले?"

"गुहागरचे."

"अरे वा, आम्हीही तिथलेच! पण परवा आमच्या मृण्मयीच्या लग्नात दिसला नाहीत?"

सख्ख्या पुतणीचं लग्न झाल्याचं खांबेट्यांना आत्ता कळत होतं.

"कामात अडकलो होतो," त्यांनी लिहिलं.