विम्याशिवाय बस हलत नाही

“मालकाचं नाव सांगा, काकू.”

सुखवंताबाईनं गाडीचं कार्ड टेबलावर सरकवलं. “नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची रीत नाही आमच्यात. तुले वाचता येते नं? वाच.”

विमा ऑफिसातली रुचिका हसली. कार्डावर नाव चैनलालचं होतं आणि गाडी होती एका शाळेची जुनी बस. सुखवंताबाईच्या मोबाइलमधल्या फोटोत मात्र बसच्या खिडक्यांना लुगड्याचे पडदे, आत दोन दिवाण, गॅसची शेगडी, भांडी घासायला एवढीशी मोरी.

“काकू, ही गाडी आहे की घर?”

“दोन्ही आहे.”

“कॉम्प्युटर दोन्ही नाही घेत. वरून गाडी एकोणीस वर्षांची. इतकं जुनं डबडं...”

“तुहा आजा केवढा आहे?”

“ऐंशीचे असतील.”

“मंग? ठेवलं नं त्याले घरात? का डबडं म्हणून फेकून देल्लं?”

रुचिकानं मान हलवून कार्ड परत सरकवलं. गोंदियातलं हे तिसरं ऑफिस. पहिल्यानं सांगितलं, ज्यात चूल आहे त्याचा गाडीचा विमा होत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, ज्याला चाकं आहेत त्याचा घराचा विमा होत नाही. सुखवंताबाईनं दोघांच्याही अकलेचा उद्धार केला आणि कार्ड उचललं. आताही तिनं तेच केलं. तरी निघताना घरचा नंबर तेवढा लिहून दिला.

गोंदियाजवळच्या गोरेगावला एसटीतून उतरून ती घरी आली, तर चैनलाल फाटकातच उभा.

“भेटला काय विमा?”

“नाही.”

“अरेरे,” चैनलाल म्हणाला. त्या दिवशी त्यानं भात दोनदा मागून घेतला.

एकतीस वर्षं एसटी चालवली या माणसानं. एक ओरखडा नाही. रिटायर झाल्यावर ही बस विकत घेतली आणि दोन वर्षं स्वतःच्या हातानं तिचं घर केलं. कशासाठी? तर धारसाठी. त्यांच्या पोवार समाजाचे आजे-पणजे ज्या माळव्यातून आले, तिथलं धार शहर सुखवंताबाईनं लग्नाच्या गाण्यातच ऐकलं होतं. “तुले धार दाखवतो,” हा त्याचा शब्द. दसऱ्याला भोंगा वाजवत त्यानं बस गावभर फिरवली, तेव्हा शेजारची धुरपता नालीत पडता पडता वाचली.

मग सुखवंताबाईच्या छातीत दुखलं. नागपूरच्या दवाखान्यात एकोणीस दिवस. खर्चाचं विचारलं तर म्हणाला, “एसटीच्या सोसायटीनं देल्लं.” घरी आल्यावर तिनं धारचं काढलं, तर म्हणाला, “विमा संपला. विम्याशिवाय बस हलत नाही.”

कागद पाहिल्याशिवाय त्यानं डेपोतून कधी गाडी काढली नव्हती. तिनंच मग पदर खोचला. “तुमाले ऑफिसात बोलता येत नाही. मीच जाऊन येते.”

तेव्हापासून बस चिंचेखाली उभी होती. सुखवंताबाई रोज सकाळी झाडझूड करायची, पडदे झटकायची आणि येताना पदरात काबरी कोंबडीचं अंडं घेऊन यायची.

“माय वो, तुही काबरी अंडी घालते तरी कुठं?” धुरपता विचारायची.

“तुले कायले पंचायत? तुह्या घरी तं नाही घालत नं?”

पंधरा दिवसांनी फुलचूरचा दुर्गाप्रसाद नावाचा एजंट आला. नंबर त्याला रुचिकानं दिला होता.

“हो जाएगा, काकू. आरटीओचं मी पाहून घेतो. उद्या येऊन चेसिस नंबर आणि इंजिन नंबरचा फोटो काढतो, बस. हप्ताही सांगून ठेवला. मंजूर आहे नं?”

“मंजूर,” सुखवंताबाई म्हणाली. “काहो, आयकलं का? झालं धार!”

चैनलाल हसला, पण भात ताटात तसाच राहिला. दुपारभर तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसमध्ये बसून होता. ती चहा घेऊन गेली.

“खुमेंद्रच्या माय, तुले एक सांगायचं होतं...”

“सांगा नं.”

त्यानं कप स्टिअरिंगजवळ ठेवून दिला. “काही नाही. चाय चांगली झाली.”

सुखवंताबाईनं न प्यालेल्या कपाकडे पाहिलं आणि तो उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी दुर्गाप्रसाद आला. शेगडी पाहिली, मोरी पाहिली, “वा, काकाजी!” म्हणाला. चेसिस नंबरचा फोटो काढला.

“आता बॉनेट उघडा, काकाजी.”

“ते... गंजलं आहे. अडकून राहते,” चैनलाल म्हणाला. कपाळावर घाम.

“मी ओढून पाहतो.”

“थांब!” सुखवंताबाई मध्ये येऊन उभी राहिली. “हात नको लावू. नाही काढायचा मले विमा.”

“काकू, काल तं मंजूर म्हणाल्या!”

“काल म्हणाली, आज नाही म्हणते. या डबड्यासाठी एवढा हप्ता? लुटून राहिला काय?”

“पण धारले जायचं होतं नं तुमाले?”

“धार काय पळून जाऊन राहिली? जाय बाप्पा, घरी जाय.”

दुर्गाप्रसाद डोकं खाजवत मोटरसायकलवर बसला. आवाज दूर गेला, तसा चैनलालनं श्वास सोडला.

“काऊन हाकललं त्याले? तुह्या मनात तं...”

“मले गाडी लागते. रस्ताभर ओकारी काढत जाऊ काय? इथंच बरं आहे, चिंचेखाली. आज बसमध्येच जेवू. भुर्जी करते.”

चैनलालचा चेहरा उजळला. बादली उचलून तो म्हणाला, “पानी आणतो. जागा धरून ठेव!” आणि कंडक्टरसारखी तोंडानंच डबल बेल मारून बोअरिंगकडे निघाला.

तो घराच्या कोपऱ्याआड दिसेनासा होईपर्यंत ती थांबली. मग रोजच्यासारखं एका हातानं बॉनेट उचलून तिनं इंजिनाच्या रिकाम्या जागेत भाताच्या तणसावर बसलेल्या काबरीच्या पोटाखालून आजचं अंडं काढून घेतलं.