दावा आणि जबाब

कामगारांच्या खटल्यांत मालकांची बाजू लढवण्यात वकीलसाहेबांची हयात गेली होती. बावीस वर्षं त्यांचा शब्दन् शब्द टाइप करणाऱ्या बाईंना ते एका सकाळी नजर चुकवत म्हणाले, "आता मी बोललेलं संगणकच लिहून घेतो. पुढच्या महिन्यापासून तुम्ही आला नाहीत तरी चालेल."

बाईंनी दुपारपर्यंत काम केलं आणि दोन कागद त्यांच्यापुढे ठेवले. "हा माझा तुमच्यावरचा दावा. आणि हा त्यावरचा तुमचा जबाब. वाचून सही करा."

साहेबांनी दोन्ही कागद दोनदा वाचले. "बाई, माझा जबाब फारच लंगडा केलात हो."



"मागच्या आठवड्यात ज्या जबाबावर तुम्ही खटला जिंकलात ना, तोच आहे साहेब. मी नावं तेवढी बदलली."