चंद्रावरून आलेली उष्टी हळद

चंद्रावरून आलेली डबी उघडताच मंदाआत्या ओरडलीच, "अगं बाई! व्याह्यांनी तांदळाची पिठी पाठवली की काय?"

आत पांढरट लगदा होता. तिकडच्या वसाहतीत विश्वेशला हळद लागली होती आणि त्यातलीच उरलेली उष्टी हळद नवरीसाठी, रेवतीसाठी, साताऱ्याला आली होती. तिकडून येणारी प्रत्येक वस्तू जंतू मारायला प्रखर किरणांखाली ठेवत. त्यातच हळदीचा रंग उडाला होता.

"रंग गेला, गुणही गेला. ही आता साध्या जखमेवरसुद्धा चालायची नाही," आत्या म्हणाली. "घरातली लावू, चांगली पिवळीधमक आहे."

"पण ती त्याच्या अंगाला लागलेली नाही ना, आत्या."

विश्वेशची हाडं तिकडे राहून इतकी ठिसूळ झाली होती की तो पृथ्वीवर कधीच उतरू शकणार नव्हता. रेवतीचा तिकडे जायचा नंबर लागायला अजून कितीतरी वर्षं होती. लग्नसुद्धा पडद्यावरच लागणार होतं.

आत्याने आंब्याचं पान लगद्यात बुडवलं आणि रेवतीच्या गालावरून फिरवलं.

"कुठे लागली, कुठे राहिली, काही दिसत नाही गं."

रेवतीने डोळे मिटले.

"इकडे राहिली," म्हणत तिने दुसरा गाल पुढे केला.