नाथाई

"अहो, सोडा मला. तुम्ही तरी निघा," सिंधुबाई खाटेवरून म्हणाली. पाणी खाटेच्या सुंभाला लागलं होतं, आणि तिचे पाय तर दिवाळीपासून लुळे पडले होते.

"गप्प बस गं!" नाथा तांबट नवरा असूनही बायकोवर कधी ओरडला नव्हता. आज ओरडला आणि त्यानं घण दाराच्या चौकटीवर घातला.

सदतीस सालची गोदावरी तांबट आळीत शिरली होती. वर माळा होता, पण मातीच्या भिंती भिजून ढेकळं गळत होती. घर कुठल्याही घटकेला बसणार. आणि कारखान्याच्या मधोमध, पोटात कोळशाची पोती घेऊन, ती अवदसा उभी होती. डेग!

समोरच्या कादरभाईनं उरुसाचं जेवण रांधायला सांगितलेली ही तांब्याची हंडी. नाथानं देहभान विसरून ठोकली, आणि न्यायच्या दिवशी ती दारातून निघेना. चौकट फोडावी तर माळा डोक्यावर यायचा. आळी पोट धरधरून हसली. तेव्हापासून मोठं काही दिसलं की 'नाथाई'. नाथाई भोपळा. नाथाई वरात. परवा कुणाच्या ढेकरेलाही तेच नाव मिळालं. शब्द कानावर आला की नाथा रस्ता बदलायचा.

चौकट कडाडली. माळ्याची तुळई नाथाच्या खांद्याला घासून खाली आली. त्यानं पोती ओढून पाण्यात टाकली, बायकोला उचलून डेगीत बसवलं आणि सगळं बळ लावून रेटलं. डेग बाहेर निघाली. तरंगली. नाथाला रडूच फुटलं.

गल्ली सखल, तिथं पाणी छातीला. टोकाच्या देवळाच्या वरच्या पायऱ्या तेवढ्या कोरड्या. तो डेग ढकलत निघाला, तर समोरच्या खिडकीत कादरभाई. कडेवर पोर, मागे बायको ताहेरा आणि दोन पोरी. त्याच्या घराची एक भिंत गेलीच होती.

"नाथाभाऊ! जागा हाय का रे त्यात?" कादरचा आवाज फाटला.

"अहो, पेलेल का?" सिंधुबाई कुजबुजली.

पेलेल की नाही, नाथाला तरी काय ठाऊक! भरलेली डेग तरंगताना त्यानं कधी पाहिलीच नव्हती. पाणी आता त्याच्या गळ्याशी आलं होतं. त्यानं काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि वर बघून ओरडला,

"अरे, नाथाई जागा आहे! पोरं सोड आधी!"