रविवारचं शहर

“इथून डावीकडे,” आई म्हणाली.

लेक चौकाच्या कडेला उभी राहून मोबाइलमधला नकाशा उलटासुलटा करत होती. तिनं मान वर केली. “तुला गं कसं माहीत?”

“तूच तर सांगितलंस. टपाल कचेरीची लाल इमारत आली की डावीकडे. मग दगडी पूल. पूल उतरला की समोर संग्रहालय.”

आणि तसंच निघालं. आई पुढे, लेक मागे. लेक या राजधानीत सहा वर्षं राहत होती. आई परवा सकाळी गाडीतून उतरली होती.

पण शहर आईला तोंडपाठ होतं. लेक चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात मागच्या खोलीत बसायची आणि काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दर रविवारी दुपारी तिचा घरी फोन यायचा. आज कुठे गेलो, काय पाहिलं, कशी धमाल आली. ‘आम्ही चौघी’ हे शब्द त्यात हमखास असायचे. आम्ही चौघी राजवाड्याची बाग बघून आलो. आमच्यातली एक तळ्यात पडता पडता वाचली. आई शिवणयंत्रापाशी बसून ऐकायची आणि ऐकलेलं आठवडाभर मनात घोळवायची. कापड बेतायच्या टेबलावर तिनं एकदा खडूनं सगळे रस्तेसुद्धा काढून पाहिले होते.

संग्रहालयात शिरल्याबरोबर आईनं छताकडे पाहिलं. छत मोकळं होतं.

“देवमाशाचा सांगाडा कुठाय हो?” तिनं पहारेकऱ्याला विचारलं.

“तो दुरुस्तीला नेला, मावशी. चार वर्षं झाली. अजून पत्ता नाही त्याचा.”

आई लेकीकडे वळली. गेल्याच हिवाळ्यात लेक त्या सांगाड्याखाली उभी राहून बरगड्या मोजून आली होती. चौघींचे आकडे वेगवेगळे आले, म्हणून हसून हसून पुरेवाट झाली होती.

“दुसरीकडे पाहिला असेन,” लेक घाईघाईनं म्हणाली. “चल, मडकी बघू.”

“असेल,” आई म्हणाली.

मडकी बघताना आईचं लक्ष मडक्यांत नव्हतं. तिला लेकीची खोली दिसत होती. एक खुर्ची, एक ताट, एक कप. पहिल्या दिवशी आईला कपातून चहा दिला आणि लेक स्वतः पातेल्यातूनच प्यायली. तीन दिवसांत तिचा फोन एकदा वाजला, तोही रॉंग नंबर. काल जिन्यात समोरच्या दारातल्या बाई भेटल्या आणि कुतूहलानं म्हणाल्या, “नवीन राहायला आलात वाटतं?” त्यांनी ते आईला नाही, लेकीला विचारलं होतं.

त्या चौघींतल्या बाकीच्या तिघींपैकी एकीचंही नाव आईला माहीत नव्हतं. इतक्या रविवारांत तिनं ते कधी विचारलंच नव्हतं.

दुपारी दोघी शहरातल्या उंच मनोऱ्यापाशी आल्या. तिथं दोन रांगा होत्या. दारावरच्या माणसाचा घसा ओरडून बसला होता. पहिल्यांदा येणाऱ्यांनी आधी तळमजल्यावर माहितीपट बघायचा, आधी येऊन गेलेल्यांनी सरळ लिफ्टकडे जायचं.

“तू बघून ये, आई,” लेक म्हणाली. “मी लिफ्टपाशी थांबते. माझा तो दोनदा बघून झालाय.”

आईनं तिचं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं, घट्ट.

“आम्ही दोघी,” ती दारावरच्या माणसाला म्हणाली. “दोघींचीही पहिलीच वेळ आहे.”

लेकीनं हात सोडवून घेतला नाही.

आत गारवा होता. खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या. दिवे मालवले, पडद्यावर शहर उजळलं आणि बराच वेळ दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

“कधी कळलं?” लेकीनं विचारलं.

“मासा नव्हता तेव्हा.”

“दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक जुनी पुस्तिका पडलेली असते. शहरात काय काय बघावं, त्याची. त्यातलं वाचायचे आणि तुला सांगायचे. एकदा खरंच गेले होते गं. राजवाड्याच्या फाटकापर्यंत. तिकीटवाल्यानं विचारलं, किती जण? एक म्हणायला जीभच रेटेना. तशीच परत फिरले.”

आईनं तिच्या हातावर हात ठेवला. सुया टोचून टोचून आईची बोटं खरखरीत झाली होती, काचा घासून लेकीची.

“मला सांगायचं होतंस, बाळा.”

“काय सांगणार? इथं माझं कुणी नाही म्हणून? तू तिकडे जिवाला घोर लावून घेतला असतास.” लेकीनं नाक ओढलं. “तुझं बरं आहे, आई. तुझ्याकडे दिवसभर बायकांचा राबता. मी फोन केला की मागून नुसता गलका ऐकू येतो. कुणी हसतंय, कुणी गातंय. मला वाटायचं, आई तरी माणसांत आहे. त्याच्यावरच मी पुढचा रविवार गाठायचे.”

पडद्यावर राजवाड्याचं फाटक आलं. त्यातून माणसं आत जात होती, जोडीजोडीनं, घोळक्यांनी. आई ती बघत राहिली.

“गिऱ्हाईक येईनासं होऊन दोन वर्षं झाली,” ती म्हणाली. “तो रेडिओ असतो. तुझा फोन वाजला की आवाज वाढवते.”